सावकाशरावांचा डावा पाय

त्या वाटेची लांबी कार्यालयाच्या कागदावर एक किलोमीटर आठशे मीटर अशी लिहिलेली होती. चढ किती, हे लिहायला छापील तक्त्यात रकानाच नव्हता, आणि ते एका परीने बरंच होतं. खरा आकडा कुणी लिहिला असता तर त्या वाटेवर गाडी न्यायला परवानगीच मिळाली नसती. एवढ्याशा अंतरासाठी शहाणी माणसं पायांत चपला सरकवतात, जीप काढत नाहीत. पण डोंगराच्या माथ्यावर हवामानाचं एक छोटं केंद्र होतं. तिथे वाऱ्याचा वेग आणि पावसाची उंची मोजत दोन माणसं पंधरा-पंधरा दिवस राहत, आणि वारा कितीही मोजला तरी त्याने पोट भरत नाही. त्यांना पाणी लागे, बटाटे लागत, यंत्रांना बॅटऱ्या लागत, स्वयंपाकाला गॅसची टाकी लागे. गॅसची टाकी डोक्यावर घेऊन तो चढ चढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. म्हणून जीप.

जीप डेपोतल्या घड्याळापेक्षा जुनी होती आणि त्या घड्याळापेक्षा बरी चालायची. गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी दोन छोटे दांडे होते. एक ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही चाकं जोर लावत. दुसरा ओढला की गाडीला बैलाची ताकद येई आणि गोगलगाईचा वेग. शेजारून चाललेल्या मुंगीला वाटावं, आपण फार घाई तर करत नाही ना? असे दोन्ही दांडे ओढून गेली बावीस वर्षं जो माणूस ती वाट चढत होता, त्याला सगळा डेपो सावकाशराव म्हणे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखात होतं. "तब्येत कशी आहे?" असं विचारलं तर ते "सावकाश" म्हणत. "जेवण झालं का?" "चाललंय सावकाश." एकदा डेपोत आग लागली तेव्हा बादली घेऊन तेच सगळ्यांत आधी पोचले होते, पण नाव एकदा चिकटलं की आगीनेही ते सुटत नाही.

वाटेची पहिली तीन वळणं सुट्या खडीची. मग एक कोरडा ओढा, त्यात नारळाएवढे गोल दगड. इथवर कुणीही येईल. निदान येताना ओरडेल तरी. त्यानंतर मात्र जिना लागे. जिना म्हणजे उघड्या कातळाच्या अकरा पायऱ्या, निसर्गाने स्वतःच्या सवडीने घडवलेल्या. एकीची उंची दुसरीला माहीत नाही. डाव्या हाताला कातळाची भिंत. उजव्या हाताला काही नाही. म्हणजे खरोखरच काही नाही. नुसती हवा, आणि हवेच्या तळाशी काडेपेटीएवढं दिसणारं डेपोचं पत्र्याचं छप्पर.

जिन्यावर गाडीचं नाक असं वर होई की चालवणाऱ्याला समोर बॉनेट दिसे आणि बॉनेटच्या वर आभाळ. चाकं कुठे आहेत हे त्याला दिसत नसे. म्हणून तिथे एक माणूस खाली उतरून, जीपकडे तोंड करून, पाठमोऱ्या पावलांनी पायऱ्या चढत जाई आणि हातांनी खुणा करी. दोन बोटं हलली की चाक दोन बोटं वळवायचं. पंजा हलला की अर्धा फेरा. मूठ मिटली की जागच्या जागी थांबायचं, मग मागे आभाळ का कोसळेना. आणि दोन्ही हात छातीकडे ओढले की या. या, या, या.

या कामाचा कायदा एकच होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. जिन्यावर चालवणाऱ्याचे डोळे खुणा करणाऱ्याचे. त्याने आरशात बघायचं नाही, दरीत बघायचं नाही, खिडकीतून डोकं काढून चाकाकडे तर मुळीच बघायचं नाही. हातांकडे बघायचं, नाहीतर गाडीतून उतरायचं.

बावीसपैकी पहिली एकोणीस वर्षं हे हात दादांचे होते. दादा म्हणजे सावकाशरावांचे मेव्हणे, बायकोचे थोरले भाऊ. आवाज असा की दोन वळणं खालूनही ऐकू यावा. त्यांनी सावकाशरावांना आधी जीपला जोडलं आणि मग बहिणीला. तीन महिने जिन्यावर खुणा करून पारख केली आणि घरी जाऊन सांगितलं, "मुलगा चांगला आहे. थांब म्हटलं की थांबतो." एवढ्या गुणावर लग्न झालं आणि चांगलं टिकलं.

मग चार वर्षांपूर्वी बायको गेली. तीन आठवडे इस्पितळात होती. रोज सकाळी कुणीतरी बाहेर येऊन सांगे, सगळं ठीक आहे, काळजी करू नका. सावकाशराव आयुष्यभर समोरच्याच्या हातांवर विसंबून गाडी हाकत आलेले. त्यांनी काळजी केली नाही. एकविसाव्या दिवशी तेच माणूस बाहेर आलं आणि त्याने काहीच सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांची खोली फार मोठी झाली. होती ती एक खोली आणि एक स्वयंपाकघर, पण आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाताना वाटेत कुणी लागत नसे. ते दोन कप घासून ठेवत आणि एकातच चहा पीत. रेडिओ लावत, आणि तो बोलायला लागला की बंद करत. शेजारीण दारात भेटली की म्हणे, "भाऊ, काही लागलं तर सांगा हं," आणि ते मान हलवत. पण माणसाला जे लागतं ते शेजारणीकडे वाटी घेऊन मागायला जाता येत नाही.

पंधरा दिवसांतून दोनदा मात्र ती वाट यायची, आणि तिच्यावर तो जिना. अकरा पायऱ्या, अर्धा तास. तेवढा अर्धा तास जगात एक माणूस त्यांच्याकडे तोंड करून उभा असे आणि दोन्ही हातांनी म्हणत असे, या.

हे सगळं त्यांनी एका दुपारी स्वतःच्या हाताने घालवलं. बायकोला जाऊन आठ-नऊ महिने झाले होते. सातवी पायरी सगळ्यांत अवघड. तिथे उजवं चाक काठापासून वीतभर आत ठेवून वर घ्यावं लागे. दादा समोर उभे होते, हात छातीकडे ओढत होते, सगळं ठीक आहे असं ते हात सांगत होते. सगळं ठीक आहे, हे सावकाशरावांनी यापूर्वीही ऐकलेलं होतं. काही कळायच्या आत त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि चाकाकडे बघितलं.

चाक वीतभर आतच होतं.

दादांनी मूठ मिटली. जवळ आले. चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा त्यांच्या काखेत असे, तो त्यांनी बॉनेटवर ठेवला.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"वीतभर," सावकाशराव म्हणाले.

"बरं झालं बघितलंत, जावईबापू. नाहीतर मला कळलंच नसतं."

आणि ते चालत खाली निघून गेले. त्या महिन्याच्या अखेरीस त्यांची सेवा संपतच होती. त्यांनी उरलेली रजा टाकली आणि जिन्यावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही. सावकाशरावांना पुष्कळ सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे इस्पितळापासून सुरुवात करायला हवी होती, आणि गेली होती ती दादांचीही बहीण होती. त्यांनी म्हटलं, जाऊ सावकाश. त्याला तीन वर्षं झाली.

तीन वर्षं ते जिना एकटे चढले. कसे, ते बघायला तिथे कुणी नव्हतं ते बरं. जीप थांबवायची, चाकाखाली ठोकळा सरकवायचा, पुढे जाऊन दादा उभे राहत तिथे उभं राहायचं, चाकाकडे बघून स्वतःशी म्हणायचं, "दोन बोटं डावीकडे." मग परत जीपमध्ये बसून ते सांगणं पाळायचं. मग पुन्हा उतरायचं. अकरा पायऱ्यांना एकोणीस वेळा उतरणं होई आणि अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास. पहिलं वर्ष ते मनात बोलत. दुसऱ्या वर्षापासून मोठ्याने. तिसऱ्या वर्षी ते ठोकळ्याशी बोलायला लागले, आणि ठोकळा ऐकून घेण्यात वाकबगार निघाला.

मग कुठल्यातरी दुसऱ्या डोंगरावर कुणाचीतरी गाडी घसरली आणि कार्यालयातून कागद आला. यापुढे अशा वाटांवर एकट्याने गाडी न्यायची नाही. चालवणारा आणि खुणा करणारा यांची जोडी हवी, आणि त्या जोडीची परीक्षा तपासणी साहेब जातीने जिन्यावर येऊन घेतील. जोडी नसेल तर चालवणाऱ्याला दुसरं काम. तारीख महिन्यावर होती.

सावकाशरावांनी डेपोत माणूस शोधला. कारकून आला, तिसऱ्या पायरीवर त्याने दरी बघितली आणि खाली बसून उरलेल्या सगळ्या खुणा बसल्याबसल्या केल्या, डोळे मिटून. फाटकावरचा पहारेकरी धीट होता, पण त्याला आयुष्यभर मालमोटारी आवारात घ्यायची सवय. तो दोन्ही हात पसरून "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे" असं ओरडत राही, आणि थांबायची खूण त्याच्या हातांना ठाऊकच नव्हती. दोघांचेही आभार मानून सावकाशरावांनी त्यांना खाली आणलं. खुणा करणारा नोकरीतलाच हवा, असं कागदात कुठे म्हटलेलं नव्हतं. आता एकच दार उरलं होतं.

दादा डेपोमागच्या गल्लीत राहत, पाच मिनिटांच्या वाटेवर. तीन वर्षांत सावकाशराव बाजाराला जाताना ती गल्ली टाळून पंधरा मिनिटांचा वळसा घेत. त्या रविवारी सकाळी ते थेट गेले. दार उघडंच होतं. दादा खुर्चीत बसले होते, खिडकीकडे तोंड करून.

"कोण आहे?" दादांनी विचारलं.

"मी."

दादांनी मान वळवली. थोडा वेळ दाराकडे बघत राहिले.

"मी म्हणजे कोण? सगळं जग स्वतःला मी म्हणतं."

"मी आहे, दादा."

"अच्छा. जावईबापू. या. चाकं पुसून आत या."

वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, चहा ठेवला. त्या एकदा सावकाशरावांकडे आणि एकदा दादांकडे बघून आत गेल्या, आणि आतून भांड्यांचा आवाज मुद्दाम बंद झाला. सावकाशरावांनी कागदाबद्दल सांगितलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग पहारेकऱ्याला घ्या. चांगला माणूस आहे."

"तो मला दरीत घालेल."

"तुम्ही आहात ना खिडकीतून बघायला."

सावकाशरावांनी कप खाली ठेवला. तीन वर्षं जुळवून ठेवलेली वाक्यं ऐन वेळी कुठल्या कुठे पळाली. "दादा, त्या दिवशी मी तुमच्यावर अविश्वास दाखवला नाही," ते म्हणाले. "तुमचे हात म्हणत होते सगळं ठीक आहे. तसं मला आधी कुणीतरी सांगितलं होतं. एकवीस दिवस."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, दादा तिकडे कान देऊन बसले. मग त्यांनी घसा साफ केला.

"हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"सावकाश सांगणार होतो."

"तीन वर्षं? अहो, जीपसुद्धा एवढा वेळ घेत नाही." ते खुर्चीतून उठले. उठताना हात आधी टेबलाच्या कडेवर गेला, मग कपाकडे; कप थोडा डावीकडे होता. "परीक्षा कधी आहे म्हणालात?"

त्या दिवशी सावकाशराव घरी पाच मिनिटांत पोचले, आणि रात्री रेडिओ बोलायला लागल्यावरही त्यांनी तो चालू ठेवला.

परीक्षेच्या सकाळी हवा स्वच्छ होती. तपासणी साहेब तिशीतले, डोक्यावर शिरस्त्राण, हातात फळीला लावलेला कागद. जीप सुरू व्हायच्या आत त्यांनी दोन रकाने भरूनही टाकले. दादा मागे ठोकळा मांडीवर घेऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा, चकाकते बूट. "बूट नवे का, दादा?" असं सावकाशरावांनी विचारलं तर म्हणाले, "परीक्षा आमचीही आहे. तुम्ही फक्त रस्त्याकडे बघा. जिना येईपर्यंत."

खडी गेली, ओढा गेला. ओढ्यातल्या दगडांवर साहेबांचं शिरस्त्राण तीनदा छताला लागलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं. जिन्याच्या पायथ्याशी सावकाशरावांनी दोन्ही दांडे ओढले. दादा उतरले, पहिल्या पायरीवर चढून वळले आणि त्यांनी दोन्ही हात छातीकडे ओढले.

सावकाशरावांनी क्लच सोडला आणि निघाले.

पहिली पायरी, दुसरी, तिसरी. जीप गुरगुरत एकेक पाय उचलल्यासारखी वर चढत होती. दोन बोटं, मग पंजा, मग या, या. साहेबांचा एक हात दाराच्या दांडीला चिकटला होता आणि दुसरा लिहायचा थांबला होता. सावकाशराव कुठेही बघत नव्हते, फक्त हातांकडे. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुठेही उतरावं लागलं नव्हतं. चौथी झाली, पाचवी झाली. सहाव्या पायरीवर दादांचा पाय चुकला. त्यांनी मागे न बघता भिंतीला हात लावून तोल सावरला. एकोणीस वर्षांत दादांनी भिंतीला हात लावलेला सावकाशरावांनी बघितला नव्हता.

सातव्या पायरीवर दादांनी दोन बोटं उजवीकडे हलवली.

सातव्या पायरीवर उजवीकडे घ्यायचं नसतं. चाकाला तिथे वीतभरच जागा. पण हातांकडे बघायचं, कायदा एकच. सावकाशरावांनी दोन बोटं उजवीकडे घेतलं. दादांनी पुन्हा दोन बोटं उजवीकडे केली. उजव्या चाकाखालून एक दगड निसटला. जिन्यावर दगड निसटले की पायऱ्यांवर खडखडत जातात, तो आवाज त्यांच्या कानांना बावीस वर्षं ओळखीचा. हा दगड खडखडला नाही. तो निसटला, आणि मग काहीच ऐकू आलं नाही, बराच वेळ.

त्यांनी ब्रेक दाबला. डोकं बाहेर काढलं नाही. समोर बघितलं, पण या वेळी हातांकडे नाही, दादांच्या डोळ्यांकडे. ते चाकावर नव्हतेच. ते चाकाच्या शेजारी, हातभर अलीकडे, जिथे काहीच नव्हतं तिथे लागलेले होते, आणि अगदी आत्मविश्वासाने. दादांना चाक दिसत नव्हतं. आठवणीतलं एक चाक होतं, त्याला ते खुणा करत होते.

आणि मग दाराकडे बघत राहिलेले दादा, टेबलाची चाचपलेली कड, डावीकडचा कप, भिंतीवरचा हात, सगळं एकामागून एक सावकाशरावांच्या डोक्यात आलं, आणि या वेळी मुळीच सावकाश आलं नाही.

एक रस्ता उघड होता. जिना त्यांना पाठ होता. हातांकडे तोंड ठेवायचं आणि चाकं आपल्या मनाने न्यायची. साहेबांना काय कळणार? परीक्षा पास. मग पंधरा दिवसांतून दोनदा दादा समोर असणार, मरेपर्यंत. त्यांना हवं होतं ते हेच. पण समोर असणार म्हणजे या नव्या बुटांत, पाठमोऱ्या पावलांनी, दरीच्या काठाने, न दिसणाऱ्या अकरा पायऱ्यांवर असणार. पाऊस असला तरी. मूठ मिटून त्यांना कोण थांबवणार?

दुसरा रस्ता साहेबांना सांगण्याचा. मग साहेब कागदावर लिहिणार आणि दादा तिथे उभे राहून ऐकणार, की एकोणीस वर्षं ज्या हातांवर डेपोने भरवसा टाकला ते हात आता गाडी दरीत घालतात.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "थांबलात का?"

"पाय, साहेब," सावकाशराव म्हणाले.

"कोणता पाय?"

याचा त्यांनी विचार केला नव्हता. "डावा," ते म्हणाले. "क्लचचा. गोळा आलाय. धरवत नाही."

"यापूर्वी असं झालंय?"

सावकाशरावांनी समोर बघितलं. दादा दोन्ही हात छातीकडे ओढत होते. या, या.

"होतं अधूनमधून," ते म्हणाले. "सांगितलं नव्हतं कुणाला."

साहेबांनी शिरस्त्राण सरळ केलं आणि बराच वेळ लिहिलं. सावकाशरावांनी हातब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि कण्हायला सुरुवात केली. कण्हण्याची सवय नसल्याने पहिला प्रयत्न शिंक आल्यासारखा झाला. दुसरा बरा जमला. दादा भिंतीला हात लावत लावत खाली आले.

"काय झालं? मी थांब म्हटलं नव्हतं."

"पायात गोळा आला, दादा."

"आत्ता? सातव्या पायरीवर? अहो, तीन वर्षं खुणांवाचून चालवून गंज चढलाय तुम्हाला. सरका, चोळू द्या."

दादांनी चाचपत त्यांची पोटरी धरली आणि अशी चोळली की गोळा आला नसता तरी आता येणार होता. साहेब दुसरीकडे बघत राहिले. मग गाडी मागे न्यायची होती. दादा पुन्हा समोर उभे राहून खुणा करू लागले, आणि सावकाशराव त्या हातांकडे एकटक बघत, बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यातली एकही खूण न पाळता, पायरी पायरीने जीप खाली घेऊन आले. ओढ्याशी आल्यावर दादा घाम पुसत म्हणाले, "बघितलंत साहेब? एका पायाने उतरवली. खुणा नीट असल्या की होतं."

साहेबांनी डेपोत टेबलावर कागद ठेवला. दादांचा चष्मा घरी राहिला होता म्हणून तो सावकाशरावांनी वाचून दाखवला. खुणा करणारा: अनुभवी, उत्तम. चालवणारा: पायाच्या दुखण्यामुळे अशा वाटेसाठी अयोग्य.

"पहिली ओळ पुन्हा वाचा," दादा म्हणाले. सावकाशरावांनी ती पुन्हा वाचली. "एकट्याच्या शाबासकीने जोडी होत नाही," दादा थोड्या वेळाने म्हणाले. "पण तुमच्यावर मी रागावलो नाही हो. पायाला काय करणार माणूस."

वाटेसाठी दुसऱ्या डेपोतून एक जोडी आली. दोघे सख्खे भाऊ, कामाला चोख, जिना पंचवीस मिनिटांत चढत. सावकाशरावांना सामानाच्या कोठीत बसवलं. तिथे सुट्या भागांना चिठ्ठ्या बांधायच्या आणि मागेल त्याला काढून द्यायचे. कोठीला एक उंचावरची खिडकी होती. जीप निघाली की तिचं छप्पर त्या खिडकीतून पहिल्या वळणापर्यंत दिसे. तेवढं बघून ते पुन्हा खाली बसत. जिन्यावर दुसरा दांडा ओढला की आवाज बदलतो. तो इतक्या लांबून येत नाही, पण त्यांचा हात चिठ्ठी बांधताना बरोबर त्याच सुमारास थांबे. घरी आल्यावर ते चहा एकाच कपात पीत. आता दुसरा कप घासणंही त्यांनी सोडलं होतं.

मात्र रविवारी सकाळी दादा यायचे. दुखऱ्या पायाला चालणं हवं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, आणि चालवायचं काम दुसऱ्या कुणावर सोपवण्यासारखं नव्हतं. गल्लीत, बाजारात, भेटेल त्याला ते थांबवून सांगत, "आमचे जावईबापू. हात पक्का, डोकं पक्कं, पायाने दगा दिला. मी समोर उभा होतो म्हणून वाचले." सावकाशराव शेजारी उभे राहून मान हलवत आणि पाय ओढत. लंगडणं वाटतं तितकं सोपं नसतं. घाईत पाय विसरतो. एका रविवारी बाजाराच्या चढावर दादा अचानक थांबले.

"आज उजवा वाजतोय," ते म्हणाले.

"काय?"

"पाय. रोज डावा ओढता. आज उजवा ओढताय."

सावकाशराव दोन्ही पायांवर नीट उभे राहिले. "दुखणं सरकलंय," ते म्हणाले.

"असं सरकतं?"

"सावकाश सरकतं."

दादांचं तोंड सावकाशरावांकडे होतं, डोळे त्यांच्या कानाशेजारच्या हवेत. "सरकत असेल," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांनी सावकाशरावांचं कोपर धरलं, नेहमीपेक्षा घट्ट. "चला. मी धरतो. पडाल नाहीतर."

पुढे गटारावरचं झाकण निघालेलं होतं. सावकाशरावांनी कण्हून पाय थांबवला, दादा थांबले. मग आधार घेतल्यासारखं करून त्यांनी दादांना त्या भोकाच्या बाजूने वळवून नेलं. "हळू, हळू," दादा सारखं म्हणत होते, "घाई नाही आपल्याला." असं एकमेकांना सांभाळत ते दोघे दादांच्या दारापर्यंत आले. वहिनींनी दादांचा हात आत घेतला.

सावकाशराव गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत लंगडत गेले. मागे वळून बघितलं. दादा खिडकीत उभे राहून त्यांच्या दिशेने, म्हणजे साधारण त्यांच्या दिशेने, हात हलवत होते. त्यांनीही हात हलवला, दिसणार नाही हे माहीत असून. मग कोपरा वळले आणि दोन्ही पाय सारखे टाकत घरी गेले. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं नाही.